चौथ्या रीडिंगचा चढ

बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेल्या पोरांनी कोणता पेपर आधी घ्यावा आणि कोणता मागून, हे सांगण्यात माझी तीस वर्षं गेली. ते मला चांगलं जमत होतं. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही.

विट्याच्या आमच्या कॉलेजात जून महिन्यात पोरं माझ्या टेबलाशी रांग लावायची. "मॅडम, थर्मोडायनॅमिक्स आधी घेऊ का ऑप्टिक्स?" उत्तर देण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारायची, "शेवटचं कधी वाटलं होतं, की हे असं कसं?" कोणी सांगे, विहिरीत सोडलेली काठी वाकडी दिसते ते. त्याला मी ऑप्टिक्सला पाठवायची. कोणी म्हणे, फ्रीजचं दार उघडं ठेवलं तरी खोली गार का होत नाही? ती थर्मोडायनॅमिक्सला. यांत्रिकी आणि गणित सगळ्यांनाच आधी, त्याला इलाज नाही. क्वांटमच्या आधी तरंग हवेतच. बाकीचं सगळं ज्याच्या त्याच्या खाजेप्रमाणे. ज्याला काहीच आठवत नसे त्याला मी हाकलून द्यायची. आठ दिवसांनी ये म्हणायची, आणि तोवर डोळे उघडे ठेवून फीर.

मग 'अनुक्रम' आलं आणि माझ्या टेबलासमोरची रांग संपली.

ते यंत्र काय करतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवी गोष्ट डोक्यात जाते ती आधीच्या गोष्टींच्या आधाराने. आधी काय बसलंय यावर मागून आलेलं किती टिकेल ते ठरतं. यात नवं काही नाही, कुठल्याही शाळामास्तराला हे ठाऊक असतं. नवं होतं ते मोजमाप. आपला मेंदू सारखा पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की अर्ध्या सेकंदाच्या आत त्यात एक बारीक विद्युत लहर उठते. ही लहर पकडणारा कपाळाचा पट्टा निघाला. लहर जितकी मोठी तितका 'धक्कांक' जास्त. पट्ट्यावर मोहरीएवढा दिवा असतो. पोराला धक्का बसला नाही तर हिरवा, थोडा बसला तर पिवळा, जोरात बसला तर लाल.

आता पदवीचे पेपर अठरा. ते एकामागे एक लावायचे तर चौसष्ट कोटी कोटी तऱ्हा होतात. यांत्रिकी आधी, क्वांटम मागून असल्या अटी घातल्या की बऱ्याच गळतात, तरी उरतात त्या माणसाच्या आवाक्याबाहेरच्या. त्यातून प्रत्येक पोरासाठी एक तऱ्हा यंत्राने निवडायची. पण चांगली तऱ्हा कुठली, हे यंत्राला कोणीतरी आधी शिकवायला हवं ना? त्यासाठी चार-सहा कॉलेजं निवडली, त्यात आमचं एक. तीन वर्षं प्रयोगशाळेत आमच्या पोरांच्या कपाळाला पट्टे बांधले, त्यांची जर्नलं आणि मार्क नेले. यंत्राने ते सगळं चाळून निष्कर्ष काढला, की ज्यांचा धक्कांक कमी त्यांचे मार्क जास्त. म्हणजे ज्या क्रमात पोराला कमीत कमी धक्के बसतील तोच क्रम उत्तम.

ऐकायला किती छान. मलाही छान वाटलं होतं.

कंपनीतर्फे पुण्याहून निनाद सरपोतदार नावाचे एक गृहस्थ निकाल सांगायला आले होते. सभागृहात त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. "तुमच्या कॉलेजचा डेटा इतका स्वच्छ आहे, की आमच्या लोकांना आधी खरंच वाटेना," ते म्हणाले. "आणि ही गंमत बघा. लंबकाच्या प्रयोगात सहा रीडिंग असतात. तुमच्या हुशार मुलांच्या आलेखात चौथ्या रीडिंगशी एक चढ येतो आणि पाचव्याला परत उतार. ज्यांच्यात हा चढ आहे ती मुलं पुढे सगळ्याच पेपरांत वर राहतात. हा त्यांच्या बुद्धीचा ठसा आहे म्हणा ना."

आलेखाच्या अक्षांवर आकडे नव्हते. पहिल्या वर्षाच्या पोराने असा आलेख आणला असता तर मी त्याची वही परत केली असती. तिथे मात्र मी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य लेंगरे यांनी सरपोतदारांना शाल घातली आणि मग मलाही एक घातली.

तीन वर्षांत अनुक्रम राज्यभर पोचलं. पहिली सहामाही संपली की प्रत्येक पोराला क्रमपत्रिका मिळते. तिच्यावर अठराही पेपरांचा क्रम छापलेला असतो, त्यात बदल नाही. क्लासवाल्यांनी 'धक्कांक उतरवा' अशा पाट्या लावल्या. आईबाप पोरांना सांगू लागले, की तासाला जायच्या आधी सगळं वाचून जा, नवीन काही कानावर पडायला नको. पट्टा आता प्रत्येक तासाला बांधायचा, आणि दिवा लाल झाला की त्याची नोंद वर जायची. माझ्या वर्गात प्रश्न बंद झाले. समोर साठ पोरं, साठ हिरवे दिवे, आणि त्याखालचे चेहरे कढवून गार केलेल्या दुधासारखे. मला त्यांच्याकडे बघवत नसे. शिकवताना मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

अशात ईश्वरी बाबर आली.

विट्याच्या आसपासची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. देशभर कुठल्याही सराफ पेठेत जा, सोनं वितळवून त्याचा कस सांगणारा माणूस आमच्या तालुक्यातला निघतो. ईश्वरीचे वडील हणमंतराव सेलमला दुकान चालवत होते. पोरगी तिथेच वाढली आणि कॉलेजसाठी आजोळी विट्याला राहायला आली.

सप्टेंबरात लंबकाचं प्रॅक्टिकल होतं. तेवीस दिवे हिरवे आणि सात नंबरच्या टेबलावर एक लाल. मी तिथे गेले.

"मॅडम, नऊ पॉइंट पन्नासच्या वर जातच न्हाई," ती म्हणाली. "तीनदा काढलं. नऊ पॉइंट सेहेचाळीस येतंय."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वाकर्षणाची किंमत काढायची असते आणि ती नऊ पॉइंट आठ यायला हवी हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून रीडिंग कोणी घेत नाही, रीडिंग बसवतात. उत्तरापासून उलटं चालत यायचं आणि सेकंदांचे आकडे रकान्यात भरायचे. पोरं बसवतात, मास्तरांना ते माहीत असतं आणि मास्तर सही करतात. मी तीस वर्षं केली. दहापैकी दहा.

"मोजायला चुकली असशील," मी म्हणाले. मला उशीर होत होता.

"मोजायला न्हाई चुकले. मग मी घड्याळ तपासलं. भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघितलं. ह्ये सात नंबरचं मिनिटाला एक सेकंद पुढं पळतंय. धा मिनिटं धरलं, धा सेकंद भरलं." तिने ते चावीचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "आमच्यात आधी तराजू तपासत्यात, मग सोनं घालत्यात."

मी उभी राहून स्वतः बघितलं. बरोबर होतं. ते घड्याळ मी नोकरीला लागायच्या आधीपासून या प्रयोगशाळेत आहे. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक पोराने त्याच घड्याळाने नऊ पॉइंट आठ आणलं होतं आणि मी खाली सही केली होती. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत कोणीतरी काहीतरी मोजलं होतं.

माझ्याकडून जुना प्रश्न निघून गेला. "शेवटचं कधी वाटलं होतं गं, की हे असं कसं?"

तिला विचार करावा लागला नाही. "दुकानात. कसोटीवर सोन्याची रेघ वडायची आन् बाजूला पितळंची. दोन्ही पिवळ्याच. ॲसिडचा थेंब टाकला की पितळंची जाती, सोन्याची ऱ्हाती. आत काय आसतं मॅडम, जे ॲसिडला कळतं आन् आपल्याला दिसत न्हाई?"

तिचा दिवा लालच होता. मी मनात तिचा क्रम लावून टाकला. यांत्रिकी, तरंग, मग थेट क्वांटम, लवकरात लवकर. सोनं पिवळं का आणि ॲसिडला ते का पचत नाही, हे सांगायला दुसरा कुठला पेपर उपयोगाचा नाही. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा पाचव्या सहामाहीत असते आणि तिला क्वांटम झालेलं लागतं. ईश्वरीला त्या संस्थेचं नाव ठाऊक होतं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

डिसेंबरात क्रमपत्रिका आल्या. ईश्वरीची मी तिच्याआधी उघडली. उष्णता, मापनशास्त्र, उपकरणांची देखभाल, परत उष्णता भाग दोन. क्वांटम अठराव्या जागी आणि पुढे कंसात 'पदवीनंतर, ऐच्छिक'. तळाला कारण छापलं होतं: 'धक्कांक अतिशय जास्त. आकलन कमी. संथ क्रमाची शिफारस.'

मला किळस आली. यंत्राची आली असती तर सोपं होतं. पण कागदावर डाव्या कोपऱ्यात 'संदर्भ महाविद्यालय' म्हणून आमचंच नाव होतं आणि त्याखाली माझं.

हणमंतराव तेव्हा गावच्या यात्रेसाठी आले होते. लेकीला घेऊन ते प्राचार्यांच्या खोलीत बसले होते, मला बोलावणं आलं. पांढरा शर्ट, बोटांची टोकं ॲसिडने पिवळी पडलेली.

"मॅडम, मला यातलं काय कळत न्हाय," ते म्हणाले. "पोरगी म्हनती, ह्या कागदानं ती बंगळूरला जाऊ शकत न्हाय. तिला डोस्कं न्हाय आसं लिवलंय व्हय?"

"तसं नाही," मी म्हणाले.

"तसंच लिहिलंय," ईश्वरी म्हणाली.

प्राचार्य लेंगरे पुढे सरसावले. "अहो बाबर, घाबरता कशाला? एकदा फेरचाचणी मिळते. येत्या शनिवारी. लंबकाचाच प्रयोग. आमच्या तारळेकर मॅडम तिची नीट तयारी करून घेतील. काय मॅडम?"

नीट तयारी म्हणजे काय ते त्या खोलीत चौघांपैकी तिघांना कळलं.

"करंल की तयारी," हणमंतराव समाधानाने म्हणाले. "कष्टाला मागं न्हाय ती. खोटं कराय तेवडं येत न्हाय आमच्यात कुनाला. कस कमी निगाला तर कमी सांगायचा. गिऱ्हाइक गेलं तर जाऊंदे."

लेंगरे हसले.

प्रयोगशाळेत येऊन मी सोपान मामांना हाक मारली. ते आमचे प्रयोगशाळा परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

"मामा, पोरं कुठल्या वहीवरनं उतरवतात?"

मामांनी आधी कानावर हात ठेवले, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "आता तुमीच इच्यारताय म्हनून," असं पुटपुटत त्यांनी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. "माज्या आदीच्या मामांनी दिल्ती. तवापास्नं हीच चालू हाय. पोरं झेरॉक्स काढत्यात, परत आनून ठेवत्यात."

आत झेरॉक्सची झेरॉक्स होती, कडा काळ्या झालेल्या. मी लंबकाचं पान काढलं. आकृतीत चिमटा उजवीऐवजी डावीकडे काढलेला. साताच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ. पानाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग, तोही इमानाने झेरॉक्समध्ये उतरलेला.

साताला आडवी रेघ मी देते. तो बटाटेवड्याचा डाग होता आणि तो वडा मी खाल्ला होता.

अडतीस वर्षांपूर्वी मी याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या, प्रॅक्टिकल बुडालं होतं. कँटीनमध्ये बसून मी नऊ पॉइंट आठपासून उलटं चालत आले आणि सहा रीडिंग बसवली. दहापैकी दहा मिळाले. त्या तोऱ्यात पुढच्या वर्षीच्या मुलीला वही देऊन टाकली आणि विसरून गेले.

मी रीडिंग वाचली, पन्नासपासून शंभर सेंटिमीटरपर्यंत लांबी वाढवत नेलेल्या लंबकाचे वीस-वीस झोके, सेकंदांत. २८.४, ३१.१, ३३.६, ३९.५, ३८.१, ४०.२.

चौथं ३५.९ हवं होतं. बोलता बोलता माझ्या हातून पाच आणि नऊची अदलाबदल झाली होती. पुढच्या रकान्यातला गुणाकार मात्र बिनचूक, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं. ऐंशी सेंटिमीटरचा लंबक नव्वदवाल्यापेक्षा सावकाश झुलतो, असं मी तेव्हा लिहून ठेवलं आणि नंतर शेकडो पोरांनी ते माझ्याच पुढ्यात आणून ठेवलं. मी कधी रकाना वाचला नाही. तळाचं नऊ पॉइंट आठ बघितलं आणि सही केली.

हुशार मुलांच्या बुद्धीचा ठसा म्हणे. तो चढ म्हणजे मी होते, तोंडात वडा घेऊन.

मी बेसिनशी गेले आणि ओकले. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तोंड धुऊन मी सरपोतदारांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आमच्या पोरांनी काहीच मोजलं नव्हतं. म्हणून त्यांना धक्का बसला नव्हता. चांगली नक्कल करणाऱ्यांना चांगले मार्क मिळाले आणि तुमचं यंत्र नकलेलाच शिकणं समजून बसलं. खरं शिकणं अंदाज चुकतो तिथेच सुरू होतं. तुम्ही नेमक्या त्याच पोरांना मागे टाकताय.

ते शांतपणे ऐकत होते. "मॅडम, तो अगदी सुरुवातीचा डेटा," ते म्हणाले. "त्यानंतर नऊ लाख मुलं अनुक्रममधून गेलीत. चौथ्या रीडिंगचा चढ त्यांच्यातही दिसतो."

"दिसणारच. क्लासवाले आता तो पैसे घेऊन शिकवतात. आणि ज्यांच्यात दिसत नाही त्यांना तुम्ही उपकरणं पुसायला पाठवता."

"पण निकाल सुधारलेत ना?"

"पेपर कोण काढतं?"

"आता अनुक्रमच काढतं," ते म्हणाले. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

"मी विद्यापीठाला लिहिणार आहे."

"अवश्य लिहा. तुमच्या सहीची सहाशे जर्नलं आमच्याकडे आहेत, हवी तर जोडायला पाठवतो. फक्त एवढंच, की त्या पत्रावर निर्णय होईपर्यंत तुमच्या त्या मुलीचा शनिवार निघून जाईल."

पत्र मी त्याच दिवशी पाठवलं. सगळं लिहिलं, वडासुद्धा. दुसऱ्या दिवशी पोच आली. आजतागायत पोचच आहे.

शुक्रवारी दुपारी ईश्वरी आली. मी ती पिशवी टेबलावर ठेवली. तिने पान उघडलं आणि बोट रकान्यावरून खाली नेलं. चौथ्या ओळीशी ते थांबलं.

"ह्ये चुकलंय मॅडम. ऐंशीला नव्वदपेक्षा जास्त कसं यील?"

"चुकलंय."

"कुणी लिवलंय?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. सेलमच्या दुकानात गिऱ्हाइकाने आणलेल्या दागिन्याकडे तिचे वडील असंच बघत असतील. रागाने नाही, नुसतं तपासून. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मी तिला सरळ सगळं सांगितलं. यंत्र कसं शिकलं, काय बघतं, उद्या काय मागेल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग मी काय करू म्हणताय?"

मी नको म्हणू शकत होते. खरं रीडिंग घे, लाल तर लाल, आपण त्यांच्याशी भांडू, असं म्हणू शकत होते. पण भांडण वर्षानुवर्षं चाललं असतं आणि तिची पाचवी सहामाही कोणासाठी थांबली नसती. मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावरचं पेन्सिलीतलं नाव बघितलं. कसोटीवरच्या दोन रेघा मला आठवल्या. आधी हिला क्वांटमपर्यंत पोचवू, मग बाकीचं बघू. तीस वर्षं पोरांचे क्रम लावले ना, तसाच हाही एक क्रम. आधी खोटं, मग खरं.

"उतरव," मी म्हणाले. "चौथ्यासकट. एकदाच. क्वांटम मिळालं की पुढे तुला पाहिजे तसं कर."

"बाबांना सांगू?"

"नको."

तिने पान उलटं ठेवलं आणि सहाही आकडे मला पाठ म्हणून दाखवले. तिला एकदा वाचून लक्षात राहतं.

शनिवारी अकरा वाजता चाचणी झाली. विद्यापीठाचा निरीक्षक दाराशी खुर्ची टाकून बसला होता, त्याचं लक्ष दिव्याकडे होतं. ईश्वरी सात नंबरच्या टेबलावर होती. तिने लंबक सोडला, घड्याळ हातात धरलं, बटण दाबल्यासारखं केलं. घड्याळाला चावी दिलेली नव्हती. त्याचा काटा जागचा हलला नाही. लंबक आपला झुलत होता आणि ती वहीत आकडे भरत होती. चौथ्या ओळीशी मी दिव्याकडे बघितलं. तिथेही दिवा हिरवा राहिला. तिचा धक्कांक कॉलेजात सर्वांत कमी निघाला. नव्या पत्रिकेत क्वांटम पाचव्या जागी आलं.

परत सेलमला जायच्या आधी हणमंतराव कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे आले. मी आणि ते, दोघंच होतो.

"तुमच्यामुळं झालं मॅडम," ते म्हणाले. "मी पोरीला म्हनलं हुतं, तू नीट मोज, मग यंत्र काय आन् मानूस काय, कुनी नाव ठेवनार न्हाय. यंत्राला कस कळतो म्हनायचा."

त्यांनी ॲसिडने पिवळ्या पडलेल्या बोटांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत बघत राहिले. मी खाल्ला.

पुढच्या वर्षी क्वांटमचा पहिला तास माझा होता. त्या तासासाठी मी एका प्रयोगाची फिल्म राखून ठेवते. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा, समोर दोन फटी, मागे पडदा. पडद्यावर एक ठिपका, मग दुसरा, कुठेही, काही धरबंद नसल्यासारखे. पाच मिनिटांनी त्याच ठिपक्यांचे पट्टे होतात. काळा, पांढरा, काळा, पांढरा. इलेक्ट्रॉन एकेकटा गेला, तरी त्याला दोन्ही फटी ठाऊक असल्यासारखं हे चित्र. तीस वर्षांत प्रत्येक वर्गात या क्षणी कोणीतरी उठून उभं राहायचं. असं कसं होईल मॅडम, म्हणायचं. कधी कधी चिडायचंसुद्धा. मी त्या एका पोरासाठी वर्षभर शिकवायची.

पडद्यावर पट्टे उमटले. मी वर्गाकडे तोंड केलं. कोणी उठलं नाही. मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. ईश्वरी वहीत पट्ट्यांची आकृती काढत होती. तिचा दिवा हिरवा होता.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. "ईश्वरी, हे बघून तुला काहीच वाटलं नाही?"

"काय वाटायचं मॅडम?"

"अगं, एकच इलेक्ट्रॉन. दोन फटी. हे असं कसं, असं नाही वाटलं?"

"न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना उद्धटपणा होता ना खंत. "उत्तर आधीच बघून ठेवलं हुतं. न्हायतर दिवा लाल हुतो."

मग तिने प्रॅक्टिकलचं जर्नल पुढे केलं. सगळी रीडिंग सुबक अक्षरात, कुठे खाडाखोड नाही, आणि सातांच्या पोटात माझ्यासारखी आडवी रेघ. पुढच्या पोरांची रांग दाराबाहेर गेली होती. मी पेन काढलं आणि सही केली.